दुपारी बंद पडणारं मशीन

ज्या घरात एकाच माणसाला वायफायचा पासवर्ड पाठ असतो, त्या घरात तोच इंजिनिअर. धाकट्याचं तसंच झालं होतं. नोकरी विमा कंपनीच्या कचेरीत, काम दाव्यांची कागदपत्रं तपासायचं. पण एकदा कधीतरी त्याने वहिनीच्या फोनमधले पुसले गेलेले फोटो परत आणून दिले, आणि तेवढ्या भांडवलावर तो घरचा तज्ज्ञ ठरला. अशा तज्ज्ञांची गंमत अशी की काही दिवसांनी त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं. दादाच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं त्याच्या डोक्यात आलं ते असंच. कोणी मागितलं नव्हतं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, भूगोलाचा मास्तर. आता तो शाळेत जात नव्हता. कुठेच जात नव्हता. नसांच्या आजाराने आधी त्याची बोटं नेली, मग हातपाय, मग जीभ. डोळे तेवढे उरले. खाटेच्या पायथ्याशी स्टँडवर एक स्क्रीन होता आणि त्याच्याखाली डोळ्यांची हालचाल टिपणारी पट्टी. दादा स्क्रीनवरच्या एकेका अक्षराकडे बघायचा, शब्द जुळायचा, आणि मशीन तो मोठ्याने बोलून दाखवायचं. पण बोलायचं एका परक्या बाईच्या आवाजात. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी जी बाई असते ना, अगदी तिच्या सख्ख्या बहिणीचा आवाज. पहिल्या दिवशी दादाने तिच्याच तोंडून जाहीर केलं, "ही माझ्या घशात राहायला आलेली मावशी आहे." वहिनी हसली होती, पण त्या मावशीशी तिचं कधी जमलं नाही. नवऱ्याशी बोलताना मध्ये तिसरीच कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

मग धाकट्याला कळलं, की माणसाचे जुने आवाज ऐकवले तर मशीन त्याच आवाजात बोलायला शिकतं. दादाने शाळेसाठी कधीकाळी भूगोलाचे धडे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. नद्या, वारे, पठारं, सगळं खणखणीत आवाजात. अडचण एकच, जुन्या मशीनला हे काम झेपत नव्हतं. एक शब्द बोलायला ते इतका वेळ घ्यायचं की तोवर ऐकणारा उठून जायचा. म्हणून दणकट कार्ड आणलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकट्याने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, व्हिडिओ बघत बघत, घामाघूम होत ते बसवलं, आणि दादाने पहिलं वाक्य जुळवलं.

"वहीत नोंद करा, आज मी परत आलो."

तोच सूर, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वहिनी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. "अहो, परत म्हणा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. धाकट्याला वाटलं, आयुष्यात आपण काही धड केलं असेल तर ते हेच.

पुढच्याच आठवड्यात मशीन बंद पडायला लागलं.

अडखळणं नाही, सूचना नाही. चालू असलेलं मशीन एकदम काळं व्हायचं. वहिनीने बटण दाबलं की थोड्या वेळाने निमूटपणे सुरू व्हायचं, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या कोणाचं मशीन असतं तर वैताग म्हणून सोडून देता आलं असतं. पण दादाला खोकता येत नव्हतं. घशात कफ अडकला की तो डोळ्यांनी 'कफ' लिहायचा, मशीन ओरडायचं, आणि वहिनी धावत येऊन छोट्या पंपाला जोडलेली नळी घशात घालून तो ओढून काढायची. दिवसातून बऱ्याचदा. मशीन काळं असताना कफ अडकला तर? दादा तसाच पडून राहणार, डोळे उघडे ठेवून, आणि शेजारच्या माणसालाही पत्ता लागणार नाही.

हे धाकट्याच्या लक्षात आलं तेव्हा तो कचेरीत होता. समोर कोणाच्या तरी गाडीच्या अपघाताचे फोटो पसरलेले होते. आवाज देण्याच्या नादात आपण दादाला मारून बसणार, हे वाक्य त्याच्या डोक्यात घर करून राहिलं. जेवताना, आंघोळ करताना, सिग्नलला थांबलेला असताना. फोन वाजला की नाव बघायच्या आधीच तो खुर्चीतून उठलेला असायचा.

रोज संध्याकाळी कचेरीतून तो थेट दादाकडे जायचा. पहिल्यांदा त्याने जुन्या कार्डाचे राहिलेले ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्रॅम, काढून टाकले आणि नवे घातले. मशीन उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, "भाऊजी, परत बंद पडलं हो." मग त्याने रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून लावल्या. कार्डाला वीज देणाऱ्या केबल बदलल्या. मशीनच्या नोंदी वाचल्या, तर त्यात एवढंच, की मशीन अचानक बंद झालं. म्हणजे वहिनीला जे दिसत होतं तेच मशीनलाही कळलेलं. संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर गेला. तो जुना होता, नवं कार्ड खादाड. नवा, मोठा पॉवर सप्लाय आला, बसला. त्या संध्याकाळी धाकट्याने मशीनला मुद्दाम पिदडलं. दादाला म्हणाला, "बोल. वाट्टेल ते बोल. थांबू नकोस."

दादाने डोळ्यांनी अख्खा मोसमी वाऱ्यांचा धडा म्हटला. मशीनने हूं की चूं केलं नाही. तापमान बघितलं तर अगदी साळसूद.

"वहिनी, तुम्ही मशीनला हात लावला होता का कधी? एखादी वायर, बटण?"

"छे हो! मी हातसुद्धा लावत नाही त्याला. बंद पडलं की बटण दाबते तेवढंच. मला भीतीच वाटते त्याची."

आणि ती खरं तेच सांगत होती.

"मी जुनं कार्ड परत घालतो," धाकटा म्हणाला. "मावशी तर मावशी. निदान ओरडेल तरी."

खाटेकडून मास्तरांचा आवाज आला, "वर्गात शांतता."

"दादा, चेष्टा नको. मला भीती वाटते."

स्क्रीनवर अक्षरं सावकाश उमटली. "कार्ड राहू दे. छोट्या, तू फार काळजी करतोस."

वहिनीने दिराकडे बघितलं. तिला काय वाटत होतं ते तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिलाही तो आवाज हवा होता आणि तिलाही भीती वाटत होती. रात्री ती दर थोड्या वेळाने उठून दादाची कूस बदलायची. झोप मिळायची ती दुपारी, दादाच्या खाटेला लागून टाकलेल्या कॉटवर. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. या घरात आजारी माणूस एक होता, पण झिजत दोघं होती.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडे धाकटा इतक्या वेळा गेला की तो त्याला बघताच खुर्ची पुढे करायला लागला. माणूस बोलायला तिरसट होता.

"तुमच्यासमोर एकदा तरी बंद पडलंय का?"

"नाही ना! मी गेलो की गुणी बाळासारखं वागतं."

"मग तुम्ही चुकीच्या वेळेला जाताय. पडतं कधी?"

धाकटा विचार करायला लागला. वहिनीचे सगळे फोन दुपार कलली की यायचे.

"मग दुपारी जाऊन बसा," दुकानदार म्हणाला. "सुटे भाग विकत घेऊन घेऊन माझं दुकान चालवायची गरज नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा 'घरी कॉम्प्युटर बंद पडतोय' असं सांगताना त्याचा आवाज इतका कापला की साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. रस्त्यात ऊन रणरणत होतं. जिना चढताना त्याने ठरवलं, बेल वाजवायची नाही. वहिनी झोपली असेल, बिचारीची झोप मोडायला नको. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायचीच.

दार उघडलं तेव्हा घरात विलक्षण शांतता होती. एरवी दारातच नव्या कार्डाच्या पंख्यांची घरघर ऐकू यायची. ती आज नव्हती. चपला न काढताच तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला.

स्क्रीन काळा होता. कॉटवर वहिनी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली, एक हात दादाच्या खाटेच्या कठड्यावर. आणि दादा त्याच्याकडे बघत होता. डोळे ताणलेले, ओले. ओठांचा रंग बदललेला. छाती बारीक बारीक हिसके देत होती आणि घशातून कसलाच आवाज येत नव्हता. खोलीत एक माणूस गुदमरत होता आणि हातभर अंतरावर झोपलेल्या माणसाला ते कळायला काही मार्गच नव्हता.

धाकट्याने 'वहिनी' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तो पंपाकडे धावला. वहिनीला ते करताना त्याने शंभरदा बघितलं होतं, म्हणजे बघितलं नव्हतं, कारण ती नळी हातात घेतली की तो 'पाणी पिऊन येतो' म्हणून सटकायचा. आता नळी कुठली, ती कशाला जोडायची, किती आत घालायची, काही सुचेना. मग बटण सापडलं आणि पंप खडखडायला लागला.

त्या आवाजाने वहिनी ताडकन उठली. डोळे नीट उघडायच्या आधी तिचा हात नळीवर होता. एका झटक्यात नळी धाकट्याच्या हातून हिसकावून घेत तिने दादाचं तोंड वळवलं, नळी आत सरकवली, अंगठ्याने नळीवरचं छिद्र दाबलं. पंपाचा सूर बदलला. एकदा. परत. "आलं, आलं, झालं हं," ती पुटपुटत होती. दादाच्या छातीत हवा गेली तो आवाज धाकट्याला पंपाच्या खडखडाटातही ऐकू आला.

तो जमिनीवरच बसला.

ओठांवर रंग परत येईपर्यंत वहिनी दादाच्या गालावर हात ठेवून उभी होती. मग पंपाची बाटली उचलून धुवायला न्हाणीघराकडे गेली. पाण्याचा नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं.

उठताना आधारासाठी धाकट्याने कॅबिनेटवर हात टेकला. टेकला आणि दचकून काढून घेतला. हाताला पत्रा लागलाच नाही. लागली ती रजई. जुनी, जाड, कापूस ठासून भरलेली. ती कॅबिनेटला मागूनपुढून गुंडाळलेली होती, तान्ह्या बाळाला थंडीत गुंडाळतात तशी. आणि ती आतून भाजत होती.

त्याने रजई ओढून काढली. गरम हवेचा भपका तोंडावर आला. पुढची जाळी, मागची जाळी, सगळं बंद झालं होतं. आत ते खादाड कार्ड स्वतःच्याच उष्णतेत शिजत असणार, आणि जळून जाण्याआधी मशीन स्वतःला बंद करून घेत असणार. ड्रायव्हर नव्हे, रॅम नव्हे, पॉवर सप्लाय नव्हे. संध्याकाळी तो यायच्या आत वहिनी घर आवरायची, त्यात रजईही घडी होऊन कपाटात जायची.

पण का? हे विचारायला वहिनी खोलीत नव्हती, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर हे रोज घडत होतं तो समोरच पडला होता.

धाकट्याने भिंतीवरचा अक्षरफळा काढला. मशीन नव्हतं तेव्हा घरचे तोच वापरायचे. फळ्यावर अक्षरांच्या ओळी. धरणाऱ्याने ओळ मोठ्याने विचारायची, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. दादाने वर बघितलं की होकार, बाजूला बघितलं की नकार. काना-मात्रा दादा गाळायचा. मुलांचे यासाठीच गुण कापणारा माणूस, पण आता नाइलाज होता.

"दादा, ही रजई वहिनी घालते? पंख्यांचा आवाज दाबायला?"

डोळे वर.

"आवाजाने झोप येत नाही म्हणून?"

बाजूला. मग परत फळ्याकडे. धाकटा ओळी विचारत गेला, अक्षरं जुळवत गेला, शब्द मोठ्याने बोलत गेला. "माझा... श्वास... ऐकू... येत नाही... तिला." त्याने फळा खाली केला. या पंख्यांच्या घरघरीत दादाचा श्वास बुडत होता. तो ऐकू आल्याशिवाय वहिनीचा डोळा लागत नव्हता. म्हणून तिने घरघर झाकली. मशीनला हात न लावता.

"आणि तुला माहीत होतं की त्यामुळेच मशीन बंद पडतंय?"

डोळे वर. लगेच. संकोचसुद्धा नाही.

एवढे दिवस धाकटा घाबरून अर्धमेला झाला होता, दुकानात खेटे घालत होता, आणि हा माणूस सगळं समजून मोसमी वारे म्हणत पडला होता!

"मग सांगितलं का नाहीस? एका शब्दाचं काम होतं दादा! तू आत्ता मेला असतास. माझ्या डोळ्यांदेखत!"

दादाने फळ्याकडे बघितलं. धाकट्याने ओळ विचारली, अक्षर विचारलं. दोनदा चुकला. उत्तर छोटंच होतं. त्याने ते जुळवून मोठ्याने वाचलं.

"ती झोपते."

न्हाणीघरातला नळ केव्हाच बंद झाला होता. वहिनी दारात उभी होती, हातात धुतलेली बाटली, तिच्यातून पाणी ठिबकतंय. तिने सगळं ऐकलं होतं. फळ्यावरचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडूनच करावं लागतं, त्यात गुपित राहत नाही.

ती आत आली. बाटली जागेवर ठेवली. धाकट्याच्या हातून फळा घेतला आणि दादाच्या अगदी समोर बसली.

"किती वेळा?" तिने विचारलं. "मी झोपलेली असताना असं किती वेळा झालं?"

दादाने डोळे मिटून घेतले.

ज्या माणसाला बोलायला फक्त डोळे आहेत, त्याने ते मिटणं म्हणजे उठून खोलीबाहेर निघून जाणं. वहिनीने वाट बघितली. मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं त्यात इतक्या वर्षांचं 'अहो' कुठल्या कुठे गेलं.

"डोळे उघड. उघड म्हणते ना! माझी झोप तुझ्या जिवाच्या बदल्यात घ्यायला मी सांगितलं होतं तुला? मला विचारलंस? मी उठले असते आणि तू..." तिने फळा मांडीवर टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादाने डोळे उघडले, पण आता ती बघत नव्हती, त्यामुळे त्याला काही म्हणता येईना. धाकटा मध्ये नुसता उभा होता. या दोघांच्यात कुठे हात घालावा हे त्याला कळत नव्हतं.

त्याच दिवशी त्याने भिंतीला भोक पाडलं, लांब वायरी आणल्या आणि कॅबिनेट बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. दाराआड पंखे खुशाल घरघरू देत. आत स्क्रीन, स्पीकर आणि दादाचा श्वास. मशीन त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. तज्ज्ञाने छाती फुगवायला हरकत नव्हती.

पण वहिनीची झोप गेली. दुपारी ती कॉटवर आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. खोली शांत, मशीन सुरू, श्वास स्पष्ट ऐकू येतोय, तरी तिचा डोळा लागेना. दादा रोज म्हणायचा, "झोप जरा." ती "हो" म्हणायची आणि स्क्रीन सुरू आहे ना ते बघायला उठून बसायची. एकदा तो म्हणाला, "भिऊ नकोस." ती म्हणाली, "आता तुझ्यावर विश्वास नाही माझा." एकदा तोंडात बसलेलं 'तू' मात्र तसंच राहिलं.

आठवडाभराने धाकटा दुपारचा आला. साहेबांशी बोलून त्याने कामाची वेळ बदलून घेतली होती. हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि वहिनीसमोर उभा राहिला.

"मला शिकवा. नळीचं."

"तुम्हाला जमणार नाही भाऊजी. तुम्ही रक्ताचा थेंब बघून चक्कर येणारे."

"येऊ दे चक्कर. शिकवा."

तिने शिकवलं. नळी किती आत, अंगठा कधी दाबायचा, कधी सोडायचा, दादाच्या डोळ्यांकडे कसं बघायचं. पहिल्यांदा नळी त्याच्या हातून खाली पडली. दुसऱ्यांदा दादाला ओकारी आली आणि धाकटाच पांढराफटक झाला. दादा म्हणाला, "विद्यार्थी मठ्ठ आहे, पण हजेरी चांगली." वहिनी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. पुढे काही दिवस ती बाजूला उभी राहिली आणि तो करत गेला. मग ती हात लावायची थांबली. मग एका दुपारी दिराकडे बघून म्हणाली, "मी पलीकडच्या खोलीत पडते. दार लावून घेते."

दार लागलं. धाकटा खाटेशेजारच्या खुर्चीत बसला. आता त्याच्या आणि दादाच्या मध्ये दुसरं कोणी नव्हतं. तळहात ओले झाले होते. ते पँटला पुसले, परत ओले झाले. त्याने नळी बघितली, पंपाचं बटण बघितलं, स्क्रीन बघितला, दादाच्या छातीचं वरखाली होणं बघितलं. मनात तो एकच गोष्ट मागत होता, की आज काही होऊ नये. निदान आज नको. पलीकडे काहीच आवाज नव्हता. वहिनी खरंच झोपली असावी.

दादाचे डोळे स्क्रीनवर फिरले. एक अक्षर, मग दुसरं.

"छोट्या, कफ," मास्तर म्हणाले.

धाकट्याने एकदा बंद दाराकडे बघितलं. मग तो उठला आणि त्याने नळी हातात घेतली.